कागद समान, मोल असमान

(दिग्रस, जि. यवतमाळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसाने वयाच्या पंचविसाव्या वर्षी बाहेरून दहावीची किंवा बारावीची परीक्षा दिली, तो उत्तीर्ण झाला आणि ते प्रमाणपत्र घेऊन नोकरीच्या दारात उभा राहिला, तर दारापलीकडचा मालक त्या कागदाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा आजच्या चर्चेचा विषय आहे. वरवर पाहता हा शिक्षणखात्याचा किंवा सेवायोजन कार्यालयाचा प्रश्न वाटेल. वस्तुतः तो श्रमाच्या बाजाराचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच तो राजकीय प्रश्न आहे.

दिग्रस, दारव्हा, पुसद या पट्ट्यात शाळा का सुटते हे येथील कार्यकर्त्यांना सांगण्याची गरज नाही. कापसाच्या वेचणीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि शाळेचे महत्त्वाचे महिने नेमके तेच असतात. तांड्यांवरची कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात आणि मुले त्यांच्यामागे जातात. मुलीचे लग्न ठरले की तिची शाळा संपते. या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले. कर्ता पुरुष गेलेल्या घरात सर्वांत आधी जे थांबते ते थोरल्या मुलाचे शिक्षण. या सर्व कारणांत मुलाच्या बुद्धीचा किंवा चिकाटीचा संबंध कोठेही येत नाही. ही गोष्ट प्रारंभीच नोंदवून ठेवली पाहिजे, कारण पुढचा सारा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

बाहेरून शिकण्याचा हक्क

बाहेरून परीक्षा देण्याची कल्पना नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी मुंबई विद्यापीठाने खाजगी विद्यार्थ्यांना प्रवेश परीक्षेस बसू दिले याबद्दल समाधान व्यक्त केले होते, आणि वरच्या पदवी परीक्षांनाही तीच मुभा मिळावी अशी मागणी केली होती. ज्याला दिवसभर वर्गात बसणे परवडत नाही त्याच्याही ज्ञानाची परीक्षा घेतली जावी आणि तो उतरला तर त्याला तोच मान मिळावा, हे तत्त्व महाराष्ट्रात इतके जुने आहे.

आज या तत्त्वाचे अनेक मार्ग झाले आहेत. १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आलेल्या राज्य माध्यमिक मंडळाकडे खाजगी विद्यार्थी म्हणून नोंदणी करण्याचा जो अर्ज असतो, तो सर्वांना 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणून ठाऊक आहे. केंद्रीय माध्यमिक मंडळाने १९७९ साली मुक्त शाळेचा प्रकल्प सुरू केला. १९८९ साली त्यातून स्वायत्त राष्ट्रीय मुक्त विद्यालय झाले आणि २००२ साली त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था हे नाव मिळाले. राज्यानेही २०१७ साली स्वतःच्या मुक्त विद्यालय मंडळाचा निर्णय घेतला आणि पाचवी, आठवी, दहावी व बारावी या टप्प्यांना समकक्ष परीक्षांची तरतूद केली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून व्यवसाय शिकलेल्या मुलाला भाषेचे विषय उत्तीर्ण होऊन दहावीची किंवा बारावीची समकक्षता मिळवता येते. आणि १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढून पदवीचे दार किलकिले केले.

कायद्याच्या दृष्टीने या मान्य मंडळांची प्रमाणपत्रे समकक्ष आहेत. समकक्ष म्हणजे समान मोलाची. पण मोल कायद्याने ठरते की बाजारात ठरते? येथेच खरी मेख आहे.

तीन मालक, तीन नजरा

दिग्रससारख्या गावात नोकरी देणारे ढोबळमानाने तीन प्रकारचे आहेत.

पहिला मालक शासन. नगरपरिषद, जिल्हा परिषद, एस.टी., पोलीस, अंगणवाडी हे सारे त्यात आले. शासनाच्या जाहिरातीत 'अथवा शासनाने समकक्ष म्हणून घोषित केलेली अर्हता' असे शब्द बहुधा असतात. म्हणजे दार उघडे आहे. परंतु समकक्षता सिद्ध करण्याचा भार उमेदवाराच्या डोक्यावर येतो. कागदपत्रांच्या पडताळणीच्या टेबलावर अनोळखी मंडळाचे नाव दिसले की लिपिक थबकतो. 'याचा शासन निर्णय आणा' असे म्हणतो. शासनाचा निर्णय शासनाच्याच कार्यालयाला नेऊन दाखवण्याचे काम बेकार तरुणाने करायचे! पडताळणीची मुदत मोजकी असते आणि उमेदवारांची यादी लांब असते. एक जण वेळेत कागद आणू शकला नाही तर खालचा नंबर वर सरकतो. येथे कोणी कोणाला अपात्र ठरवलेले नसते. तरीही निकाल तोच लागतो.

दुसरा मालक म्हणजे कंपनी, वित्तसंस्था, सुरक्षारक्षक पुरवणारी एजन्सी आणि अलीकडे सर्वत्र पसरलेला मनुष्यबळाचा ठेकेदार. त्याच्यावर समकक्षतेचे कोणतेही बंधन नाही. त्याला कोणता कागद चालतो हे तोच ठरवतो. नोकरीच्या संकेतस्थळांवर शिक्षण 'पूर्णवेळ' की 'दूरस्थ' अशी चौकट भरावी लागते. चार जागांना चारशे अर्ज आले की त्या चौकटीवर बोट ठेवून निम्मे अर्ज बाजूला काढणे सोपे जाते. उमेदवाराला नकाराचे कारण कळत नाही, कारण त्याला नकार असा दिलेलाच नसतो. जेथे जाहिरातीत 'दहा अधिक दोन अधिक तीन' अशी सलग शिक्षणाची अट घातलेली असते, तेथे बारावीवाचून मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्याच्या हाती पदवी असूनही तो शिडीची एक पायरी गाळलेला माणूस ठरतो.

तिसरा मालक कागद मुळी विचारतच नाही. जिनिंगचा हंगामी ठेका, दुकान, खानावळ, गिट्टीची खदान, ऊसतोडीची टोळी येथे मुकादमाची ओळख आणि अंगातली ताकद पुरते. या मालकाला समतावादी समजण्याचे कारण नाही. जेथे कागद विचारला जात नाही तेथे भविष्य निर्वाह निधीही विचारला जात नाही आणि रजाही विचारली जात नाही. प्रमाणपत्राची गरज न लागणारे काम आणि कायद्याचे संरक्षण नसलेले काम ही या गावात बहुतांशी एकाच कामाची दोन नावे आहेत. म्हणूनच तिसऱ्या मालकाकडून पहिल्याकडे जाण्याची धडपड करणारा तरुण सतरा नंबरचा फॉर्म भरतो. त्याला बीजगणिताची ओढ लागलेली नसते. त्याला महिन्याच्या एक तारखेला हातात पडणारा पगार हवा असतो, आणि ही इच्छा पूर्णतः न्याय्य आहे.

मालक कागदात काय वाचतो?

शिक्षणाने माणसाची उत्पादकता वाढते म्हणून त्याला अधिक वेतन मिळते, असे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मानवी भांडवलाच्या सिद्धांतात मांडले. त्याला छेद देणारी मांडणी मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली केली. मालकाला उमेदवाराची कुवत आतून दिसत नाही. म्हणून तो बाहेरच्या खुणेवर विसंबतो, आणि प्रमाणपत्र ही अशी खूण आहे. शिक्षणाने कुवत वाढली नाही तरी खुणेला किंमत येते. खूण मिळवणे जितके कठीण, तितकी ती मालकाला विश्वासार्ह वाटते.

याची कसोटी पाहण्यास अमेरिकेतील एक उदाहरण फार उपयोगी आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे ज्यांची शाळा तुटली अशा सैनिकांसाठी १९४२ साली तेथे एक समकक्षता परीक्षा सुरू झाली, तिला जी.ई.डी. म्हणतात. पुढे ती सर्व नागरिकांना खुली झाली आणि शाळा सोडलेल्या लक्षावधी लोकांनी ती दिली. १९९३ साली स्टीफन कॅमेरॉन आणि जेम्स हेकमन यांनी या प्रमाणपत्रधारकांच्या वेतनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेने समकक्ष ठरलेले हे लोक वेतनाच्या बाबतीत शाळा पूर्ण केलेल्यांच्या जवळ नव्हते. ते शाळा सोडलेल्यांच्याच पंक्तीत बसत होते. जो काही लाभ दिसला तो मुख्यत्वे त्या कागदामुळे पुढचे शिक्षण किंवा प्रशिक्षण घेता आले म्हणून. आणि ज्या लष्करासाठी ही परीक्षा जन्माला आली, त्याच लष्कराने पुढे भरतीत या प्रमाणपत्रधारकांना दुसऱ्या श्रेणीत टाकले, कारण ते मुदतीपूर्वी नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण अधिक आढळले.

हेकमन यांच्या पुढील संशोधनाचा निष्कर्ष असा की, या लोकांची बुद्धी शाळा पूर्ण करणाऱ्यांपेक्षा उणी नसते. उणे असते ते सातत्य, वक्तशीरपणा, नेमून दिलेले काम तडीस नेण्याची सवय. म्हणजे मालक शाळेच्या दाखल्यात गणित आणि भूगोल वाचत नाही. दहा वर्षे घंटा वाजली की बसणारा आणि घंटा वाजली की उठणारा माणूस तो वाचतो. बोल्स आणि गिंटिस या दोन समाजवादी अर्थशास्त्रज्ञांनी १९७६ साली हेच दुसऱ्या बाजूने सांगितले होते: भांडवलशाहीला शाळेकडून ज्ञानाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, आज्ञाधारकता हवी असते.

आता हा निष्कर्ष उचलून दिग्रसला लावता येईल काय? अनेक व्यवस्थापक तो न वाचताच लावतात. 'नियमित शाळा झाली नाही, म्हणजे काहीतरी गडबड असणार' हे वाक्य मुलाखतीच्या खोलीत उघडपणे बोलले जाते. परंतु अमेरिकेत शाळा फुकट व घराजवळ असताना ती सोडणारा मुलगा, आणि आईबापांबरोबर कोयता घेऊन तीनशे किलोमीटर दूर गेल्यामुळे जिची शाळा सुटली ती मुलगी, यांच्या शाळा सुटण्याचा अर्थ एक कसा असेल? समजा, आर्णी रस्त्यावरच्या एखाद्या तांड्यावरील स्त्री आठवीनंतर लग्न होऊन गेली, दोन मुले झाली, दिवसा निंदणी-वेचणीला जाऊन रात्री तिने दहावीचा आणि पुढे बारावीचा अभ्यास केला व ती उत्तीर्ण झाली. सातत्य, वक्तशीरपणा, नेमलेले काम तडीस नेणे या गुणांची याहून कठोर परीक्षा कोणत्या शाळेने घेतली असती? तिच्या कागदावर तिच्या चिकाटीचा पुरावा आहे, आणि मालक तोच कागद तिच्या उणिवेचा पुरावा म्हणून वाचतो. खूण तीच असते. ती कोणत्या परिस्थितीतून आली हे ठाऊक नसलेला, किंवा ठाऊक करून घेण्याची गरज नसलेला वाचक तिचा उलटा अर्थ लावतो.

हीच वृत्ती केवळ मालकांत आहे असे नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या नियमांत मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना पात्रतेबाहेर ठेवणारी तरतूद होती. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मान्यताप्राप्त मुक्त मंडळांना २०२३ साली मान्यता कळवली. शासनाने स्वतः निर्माण केलेल्या मंडळाचे प्रमाणपत्र शासनाच्याच दुसऱ्या नियामक संस्थेने मानावे यासाठी एवढा काळ जावा लागला, तर खाजगी मालकाकडून काय अपेक्षा करणार?

सरकणारी पायरी

समकक्षतेचा कागद धापा टाकत मिळवेपर्यंत पायरीच वर सरकते, हे या प्रश्नाचे दुसरे आणि अधिक क्रूर अंग आहे. रोनाल्ड डोर या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली या विकाराला पदविकेचा रोग असे नाव दिले. उशिरा विकसित होणाऱ्या देशांत चांगल्या नोकऱ्या थोड्या आणि प्रमाणपत्रे अधिक असतात. म्हणून त्याच कामासाठी दर काही वर्षांनी वरचे प्रमाणपत्र मागितले जाते, असे त्याचे प्रतिपादन होते.

महाराष्ट्रातील दाखला ताजा आहे. मंत्रालयाच्या उपाहारगृहातील वाढप्यांच्या १३ जागांसाठी सुमारे ७,००० अर्ज आल्याचे २०१९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. अट चौथी उत्तीर्ण होण्याची होती. निवडलेल्यांत १२ जण पदवीधर होते आणि एक बारावी झालेला. चहाचा पेला टेबलावर ठेवण्याची कला विद्यापीठात शिकवली जात नाही. पदवीने येथे कौशल्य सिद्ध केले नाही. तिने फक्त रांग लहान केली.

केंद्रात सहाव्या वेतन आयोगाने २००८ साली चतुर्थ श्रेणी संपवून सर्वांत खालच्या पदालाही मॅट्रिक किंवा औद्योगिक प्रशिक्षण ही किमान अर्हता सुचवली आणि ती स्वीकारली गेली. राज्यात २०२३ च्या फेब्रुवारीत अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या दोन्ही पदांसाठी बारावी उत्तीर्ण ही अट आली. त्यापूर्वी सेविकेला दहावी आणि मदतनिसाला सातवी पुरत असे. बालकांच्या पहिल्या शिक्षिकेची अर्हता वाढावी याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु विसंगती पाहावी. याच स्त्रियांनी वेतन मागितले की शासन सांगते, तुम्ही मानसेवी आहात, तुम्हाला वेतन नव्हे, मानधन मिळते. उपदानाचा हक्क त्यांना सर्वोच्च न्यायालयाकडून २०२२ साली मिळवावा लागला. अर्हता मागताना त्या कर्मचारी असतात आणि वेतन देताना त्या स्वयंसेविका होतात!

येथे वयाची अटही ध्यानात घ्यावी. नियमित शाळेतली मुलगी अठराव्या वर्षी बारावी होते. संसारातून वेळ काढून शिकणारी स्त्री तिशी ओलांडल्यावर बारावी होते. भरतीची वयोमर्यादा दोघींना सारखी असल्याने, समान कागद हाती असूनही एकीपुढे पंधरा-सोळा वर्षांची संधी असते आणि दुसरीपुढे एखाद्या भरतीची. समकक्षता देताना शासनाने ज्ञान मोजले. ते मिळवायला लागलेला काळ मात्र उमेदवाराच्या खाती टाकला.

दोन आक्षेप

या विवेचनावर दोन आक्षेप येतील आणि ते प्रामाणिकपणे विचारात घेतले पाहिजेत.

पहिला असा की, प्रमाणपत्राची अटच काढून टाका. हा विचार मोहक आहे, पण घातक आहे. प्रमाणपत्र येण्यापूर्वी नोकरी कशी मिळत असे? मुंबईच्या गिरण्यांत जॉबरच्या कृपेने, आणि गावात जातीच्या व नात्याच्या वशिल्याने. दलित, भटके, आदिवासी तरुण पाटलाच्या शिफारशीवाचून नोकरीला लागले ते परीक्षा आणि गुणवत्ता यादी या निर्वैयक्तिक साधनांमुळे. कागद काढला तर त्या जागी समता येणार नाही, मुकादम येईल. म्हणून मागणी कागद रद्द करण्याची असू शकत नाही. कामाला जेवढा लागतो तेवढाच कागद मागावा आणि समान कागद समान मानावा, हीच मागणी असली पाहिजे.

दुसरा आक्षेप मालकांचा आहे, आणि तो बोचरा आहे. बाहेरून बसणाऱ्यांच्या परीक्षांत कॉपी चालते, मान्यता नसलेली 'मंडळे' घरपोच गुणपत्रिका विकतात, मग विश्वास कसा ठेवावा? यात तथ्य आहे. परंतु कॉपी नियमित विद्यार्थ्यांच्या केंद्रांवर होत नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. बनावट गुणपत्रिका ओळखणेही आता अवघड राहिलेले नाही. राज्य मंडळाची आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची गुणपत्रके डिजिलॉकरवर पडताळून पाहता येतात. तरीही ही बाब चळवळीच्या दृष्टीने गंभीर आहे. ज्याने रात्री जागून अभ्यास केला त्याच्या प्रमाणपत्राची किंमत शेजारच्या बाकावर चिठ्ठी पुरवणारा कमी करतो. कॉपी ही गरिबाला मिळालेली सवलत नाही. गरिबाच्या एकमेव भांडवलाची ती चोरी आहे. 'आपल्या पोरांना जरा मदत' म्हणून तिच्याकडे डोळेझाक करणाऱ्या कार्यकर्त्याने हे समजून घेतले पाहिजे.

कार्यकर्त्यांपुढील काम

तालुका पातळीवर करता येण्याजोग्या काही गोष्टी स्पष्ट आहेत.

नगरपरिषद आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक भरतीच्या जाहिरातीत मान्य समकक्ष मंडळांची नावे छापली जावीत आणि समकक्षतेची खातरजमा कार्यालयाने स्वतः करावी, असा आग्रह धरावा. या मागणीला पैसा लागत नाही. म्हणून नकाराला सबब उरत नाही.

ठेकेदारी भरतीकडे विशेष लक्ष द्यावे. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य शासनाने खाजगी संस्थांमार्फत बाह्यस्रोताने पदे भरण्याचा निर्णय काढला, आणि जनक्षोभ झाल्यावर ऑक्टोबरात तो मागे घेतला. लढले तर निर्णय मागे घेतले जातात हा त्यातला धडा आहे. परंतु ठेकेदारी संपलेली नाही. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या ठेक्याच्या निविदेतच समकक्ष प्रमाणपत्रधारकाला डावलता येणार नाही अशी अट असली पाहिजे.

जी स्त्री किंवा जो पुरुष तेच काम वर्षानुवर्षे करीत आहे, त्याच्या अनुभवाला अर्हतेत स्थान मिळावे. उशिरा शिकलेल्यांसाठी वयोमर्यादेत सूट मागावी. खेळाडूंना, माजी सैनिकांना ती मिळते. शिक्षणाच्या रणांगणावर उशिरा पोहोचलेल्यांनीच काय अपराध केला?

आणि शेवटी, प्रत्येक शाखेने आपल्या गावातील शाळा सुटलेल्या तरुण-तरुणींची यादी करावी, सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत त्यांना वेळेत कळवावी, शाळा सोडल्याचा जुना दाखला मिळवून द्यावा आणि परीक्षेपूर्वीचे चार महिने संध्याकाळचा वर्ग चालवावा. जोतीराव फुले यांनी १८५५ साली श्रमिकांसाठी रात्रशाळा काढली तेव्हा त्यांच्यापाठीशी कोणतेही मंडळ नव्हते. आज मंडळे आहेत, प्रमाणपत्रे आहेत, कायदाही आहे. कमतरता आहे ती त्या कागदाच्या बाजूने उभे राहणाऱ्या संघटित शक्तीची. शासनाने समकक्षता जाहीर केली आहे. ती मालकाकडून वसूल करून घेण्याचे काम श्रमिकांच्या पक्षाचे आहे.